हमदुल्लाच्या बदल्यात

"हमदुल्ला दिला आणि घेतलं काय? एक रिटायर व्हायला आलेला फुलबॅक आणि गोलकीपरचे पॅड!" प्रल्हाद खुर्चीतून अर्धा उठून ओरडला. "त्यातही पॅडच बरे. निदान नवे तरी आहेत."

सतरंज्यांवरून हशा उसळला. दुबईतल्या मनखूलमधल्या भारतीयांची ही हॉकी टीम. दर शुक्रवारी चार वाजता निम्मं मनखूल या वाळूच्या मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन बसायचं. विभावरी आज पहिल्यांदाच आली होती आणि तिला तिथे कुणी ओळखत नव्हतं. ज्याला सगळे हसत होते तो फुलबॅक, दत्तप्रसाद, तिचा नवरा होता.

मुंबईहून दुबईत आल्यापासून तो राहत्या भागाच्या, देऱ्याच्या टीमकडून खेळत आला होता. गेल्या महिन्यात दोन्ही टीमच्या मॅनेजरांनी एका कॅफेटेरियात चहा पिता पिता अदलाबदल ठरवली आणि मग त्याला फोन केला. विभावरी तेव्हा पोळ्या लाटत होती.

"तुमच्या बदल्यात कुणी काही दिलं?" ती हसत सुटली होती.

"हमदुल्ला दिला. मनखूलचा सेंटर फॉरवर्ड," तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

इतक्या वर्षांत त्याने तिला मॅचला कधी बोलावलं नव्हतं. आज सकाळी मात्र बूट घालता घालता विचारलं, "येतेस?"

आणि आज समोर देऱ्याचीच टीम होती. हमदुल्लाने हाफटाइमच्या आधी दोन गोल मारले. मनखूलवाल्यांनी दोन्ही वेळा उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"आपलाच गोल आहे तो! फक्त त्यांच्या नावावर लागला!" प्रल्हाद म्हणाला. "आणि हे आमचे मॅनेजर अलीमियाँ! अरे, याला कुणी कोथिंबीर आणायलासुद्धा पाठवू नका. म्हैस देऊन दावं घेऊन येईल!"

प्रल्हादची बायको सुजाता विभावरीकडे सरकली. "तुम्ही नवीन? कुठल्या बिल्डिंगमध्ये?"

"देऱ्याला राहतो आम्ही."

"अगंबाई! मग तो म्हातारा तुमच्याकडचाच की. बरं गळ्यात मारलंत हं आमच्या!"

"हो," विभावरी म्हणाली. तिने पुन्हा मैदानाकडे नजर वळवली.

दुसऱ्या हाफमध्ये देऱ्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका हमदुल्ला मारणार होता. गोललाइनमागे मनखूलचे पाच जण वाकून उभे राहिले. त्यातल्या एकाने फटका मारणाऱ्याच्या दिशेने धावत सुटायचं असतं. हे काम कुणी मागून घेत नाही. बॉल कडेवरून मैदानात आला आणि दत्तप्रसाद सुटला. फटका सरळ त्याच्या गुडघ्यावर बसला. तो आवाज कडेपर्यंत ऐकू आला.

"वा! पॅडचं काम तरी करतोय!" कुणीतरी ओरडलं.

हमदुल्ला स्टिक टाकून धावत आला. "दत्ताभाई, क्यूँ सामने आते हो? मेरा हिट मालूम है ना?"

"मालूम है. चल, खेल." हाताचा आधार न घेता तो उठला. गोल वाचला होता, पण बॉल त्याच्या पायाला लागला म्हणून पुन्हा कॉर्नर मिळाला.

"आता याला उचलून न्या रे बाहेर. ॲम्ब्युलन्स बोलवा, नाहीतर भंगारवाला," प्रल्हाद म्हणाला.

"ते माझे मिस्टर आहेत," विभावरी म्हणाली.

मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. सुजाताने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"सॉरी हं वहिनी," प्रल्हाद म्हणाला. "पण काय आहे, गेम आहे. माणूस बोलतोच."

"बोला ना. मीही घरी बोलतेच."

मैदानावर दत्तप्रसाद लंगडत गोललाइनमागे गेला आणि पुन्हा तिथेच वाकला. बॉल आत आला, तो पुन्हा सुटला. पण पाय मागे राहिला आणि हमदुल्लाचा फटका त्याच्या शेजारून गोलात गेला. तिसरा गोल. या वेळी टाळी वाजली नाही, कुणी हसलंही नाही. सगळे वाळूकडे बघत बसले. मघाचा हशा यापेक्षा बरा होता, असं विभावरीला वाटलं.

मॅच संपल्यावर अलीमियाँ त्याच्यापाशी आले. "दत्ताभाई, नेक्स्ट फ्रायडे आराम करो. घुटने को रेस्ट दो. बाद में देखेंगे, इन्शाल्ला."

"ठीक है."

सतरंज्या झटकल्या गेल्या, गाड्या सुरू झाल्या. खेळाडू हमदुल्लाला घेऊन चहा प्यायला गेले. मैदानाच्या कोपऱ्यांतले झेंडे काढायचे तसेच राहिले होते. दत्तप्रसाद एक एक पाय टाकत जवळच्या झेंड्याकडे निघाला.

विभावरीने चपला काढल्या आणि ती पलीकडच्या, लांबच्या कोपऱ्याकडे चालू लागली. झेंडा घट्ट रुतला होता. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी तो धरला आणि ओढायला सुरुवात केली.