ताईची शंभर पानं

"का थांबलीस?" उशांच्या फटीतून ताईचा आवाज आला.

"घसा कोरडा पडला."

"मग पाणी पी. मघापासून पान उलटल्याचा आवाज नाही."

ताईला माझा चेहरा दिसत नव्हता, तेवढंच माझं नशीब. तिच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता आणि तो वर जाऊन पडद्याला टेकून राहावा म्हणून तिनं सतत खाली तोंड करून राहायचं होतं. जेवताना मान खाली, चालताना मान खाली आणि उरलेला सगळा वेळ पालथं. पलंगाच्या कडेला दोन उशा, मधे फट, फटीत ताईचं तोंड. मी खाली फरशीवर बसून तिला वाचून दाखवायची. दुसऱ्या डोळ्यानं तिला उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं, त्यामुळे या डोळ्याला जपणं भाग होतं. जन्मात कुणापुढे मान खाली न घातलेल्या बाईला ही शिक्षा, असं मी पहिल्या दिवशी म्हटलं, तर उशीतून हसली.

पुस्तक तिनंच मागितलं होतं. मी म्हटलं रेडिओ लावते, तर म्हणाली, "रेडिओ नको. ती तिघी बहिणींची कादंबरी आण. शर्टांना बटणं लावताना वाचायचो ती." वाचनालयातल्या बाईनं कपाळाला आठ्या घालून ती मागच्या कपाटातून शोधली. "हे अजून कुणी वाचतं?" असं वर मलाच विचारलं. मी म्हटलं, "पालथी झोपलेली माणसं वाचतात." ती माझ्याकडे बघतच राहिली.

आई गेली तेव्हा ताई नुकतीच शर्टांच्या कारखान्यात लागली होती. मी बारा-तेराची, धाकटी नऊची. ताई येताना शर्टांचा गठ्ठा घरी आणायची, त्यांना बटणं लावायचं काम आम्हा दोघींचं. दिवसभर मशीन मारून आलेल्या ताईनं बसून वाचायचं आणि आम्ही ऐकत ऐकत सुई चालवायची, असा घरचा ठराव होता. मी जरा रेंगाळले की पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, "मधले, हात रिकामे दिसतायत. हात रिकामे असले की कान भटकतात."

खरं सांगायचं तर त्या कादंबरीत ऐकण्यासारखं तरी काय होतं? घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तीन मुली. एक कपाट लावते, दुसरी तेच कपाट पुन्हा लावते, यावर अख्खं प्रकरण. मला जांभया यायच्या. धाकटीचा मात्र पुस्तकातल्या धाकटीवर, चिमीवर, जीव जडला होता. चिमी नुसती शिंकली तरी हिची सुई थांबायची.

"ताई, हिला काही होणार नाही ना?"

"काही होत नाही. बटण लाव."

आणि खरंच काही झालं नाही. शेवटी तिघी बापाच्या दुकानात एका दिव्याखाली बसतात, चिमी बापाची नक्कल करते, डोळ्याला भिंग लावून गिऱ्हाइकावर कशी खेकसायची ते दाखवते, दोघी हसतात आणि पुस्तक संपतं. ती नक्कल मला अजून आठवते. सगळ्या पुस्तकात मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट.

आता तेच पुस्तक माझ्या हातात होतं. निम्म्याच्या थोडं पुढे एक नवं प्रकरण सुरू होत होतं आणि त्याची पहिलीच ओळ होती, 'त्या थंडीत चिमी गेली.'

एवढंच. ना ताप, ना औषध, ना निरोप. पुढच्या वाक्यात थोरली तिची शाल उन्हात घालत होती. मी आवाज न करता पुढची पानं चाळली. शेवटच्या पानापर्यंत गेले. दुकान होतं, दिवा होता, बहिणी दोनच होत्या.

ती ओळ माझ्या तोंडून निघेना. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ती ओळ धडाधड वाचून टाकली असती. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. दिवसभर लोकांच्या हातात रिपोर्ट ठेवते, त्यांचे चेहरे बघते आणि एकच वाक्य म्हणते, "डॉक्टरांना दाखवा." या वाक्यावर माझी सगळी नोकरी निभावली. पण मागच्या आठवड्यात, ताईचं ऑपरेशन झाल्या झाल्या, धाकटीनं तिच्या गावाहून आपले रिपोर्ट माझ्या फोनवर पाठवले. "तू रोज हेच बघतेस. काय ते सांग." मी आकडे बघितले. डॉक्टरांना दाखव, असं तिलाही म्हणाले. त्यावर धाकटी म्हणाली, "दाखवले गं. औषधं बंद करून घरी न्या म्हणाले."

मग तिनं बजावलं, "ताईला सांगायचं नाही. तिचा एकच डोळा उरलाय. कळलं तर ती तशीच उठून गाडीत बसेल आणि डोळा घालवेल. सांगितलंस तर माझं मेलं तोंड बघशील."

लहानपणापासून आम्ही ही शपथ लोणकढ्या थापांसाठी वापरत आलो. त्या दिवशी ती तोंडातून गेल्यावर धाकटी गप्प झाली आणि मीही. शेवटी तीच म्हणाली, "बरं, ठेवते."

तेव्हापासून मी ताईच्या घरी राहून लॅबची सकाळची पाळी करत होते, दुपारी येऊन वाचत होते आणि पोटात हे घेऊन बसले होते. सांगावं तर डोळा जाईल. न सांगावं तर धाकटी तशीच निघून जाईल आणि ताई मला जन्मात क्षमा करणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"पाणी प्यायलीस?" ताईनं विचारलं.

"हो." मी पुस्तक वर धरलं. "त्या थंडीत... चिमीनं नवी शाल घेतली."

"बरं."

"'शाल कशी आहे?' चिमी म्हणाली. थोरली म्हणाली, 'छान आहे.' चिमी म्हणाली, 'हो, मलाही छान वाटते.' मग त्या दोघी... शाल बघत बसल्या."

ताई म्हणाली, "चिमी अशी ठोंब्यासारखी कधीपासून बोलायला लागली?"

"छापलंय तसं वाचतेय."

"छापलेलं मला पाठ आहे. 'त्या थंडीत चिमी गेली.' पुढे थोरली शाल उन्हात घालते." ताईनं सुस्कारा टाकला. "मी यापेक्षा बरं रचायचे, मधले."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"म्हणजे तू..."

"आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती पोरगी रोज विचारायची, हिला काही होणार नाही ना. तिला काय वाचून दाखवू, गेली म्हणून? एक ओळ गाळली, म्हटलं काय मोठंसं. मग कळलं की पुढची शंभर पानं तिला चालतीबोलती ठेवायचीय. थोरली एकटीच बोलतेय, तर मधेमधे चिमीची उत्तरं घालायची. दिवसभर मशीनवर बसून मी तेच ठरवायचे, संध्याकाळी चिमी काय म्हणेल. एकदा तिचं लग्न ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी मोडलं."

"ते का?"

"सासरी गेली असती तर तिथलं सगळं घरदार कोण रचणार? मला झोपायचंही असायचं."

मला हसू आलं. भिंग, ती नक्कल, तो खेकसणारा बाप, सगळं ताईचं. पुस्तकातलं मला आवडलेलं एकुलतं एक पान पुस्तकात नव्हतंच.

"मी गाळलं ते नऊ वर्षांच्या पोरीसाठी," ताई म्हणाली. "आता तू कुणासाठी गाळलंस? इथे मीच आहे."

मी फरशीकडे बघत राहिले. माझा लॅबचा कोट बाजूला पिशवीवर पडला होता, त्याचं एक बटण दोऱ्याला लोंबत होतं. लॅबमधलं वाक्य इथे कामाचं नव्हतं.

"ताई, मला शपथ घातलीय."

"धाकटीनं?"

मी कोटाचं लोंबतं बटण बोटानं फिरवलं.

"आठवडाभर ती माझ्याशी फोनवर दोनच वाक्यं बोलते. मला वाटलं, कामात असेल. माणसाला जे वाटायला हवं असतं तेच वाटतं." तिचे हात पलंगाच्या कडेवर आले. "किती वाईट?"

"औषधं थांबवलीत. घरी आणलंय."

ताई हलली नाही. थोड्या वेळानं फटीखाली फरशीवर एक थेंब पडला, मग दुसरा.

"रडायचं नाही ताई. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्याला..."

"रडत नाही. सकाळचं औषध उतरतंय."

डोळ्यात थेंब घालून सगळी दुपार उलटली होती. मी फडक्यानं फरशी पुसली.

"तिकीट काढ," ताई म्हणाली. कोपरं टेकून ती उठायला लागली.

"वेड लागलंय का? रात्रभर गाडीत बसणार? डोळा जाईल."

"जाऊ दे. तिला बघण्यापुरता टिकला तरी पुरे."

"तेवढाही टिकायचा नाही. पोचेस्तोवर डोळ्यात अंधार झालेला असेल."

"मग हातानं बघेन. तिला न्हाऊमाखू मी घातलंय. मला डोळे लागत नाहीत."

मी तिचे खांदे धरले. उभ्या आयुष्यात मी ताईला कधी दाबून धरलं नव्हतं. ती कृश झाली होती, पण जोर तोच. "सोड," ती म्हणाली. "नाही सोडत," मी म्हणाले. माझं मला कळेना की मी हिचा डोळा वाचवतेय की हिला त्या पोरीपासून तोडतेय. मला दोघींचा भयंकर राग आला. एकीनं शपथ घालायची, दुसरीनं पलंगावरून उड्या मारायच्या आणि मधलीनं कायम मधेच मरायचं. मी फोन काढला, धाकटीला लावला आणि ताईच्या तोंडाखाली फरशीवर ठेवून दिला.

"घ्या. तुम्हीच बोला काय ते."

"सांगितलंस?" धाकटीचा आवाज खोल गेला होता.

"तिनं ओळखलं. मला थाप मारता येत नाही, हे ठाऊक असताना मला कशाला सांगितलंस?"

"मी येतेय," ताई म्हणाली.

"येऊ नकोस."

"तू मला सांगणार नाहीस, यायचं की नाही. मी मोठी आहे."

"ताई, ऐक ना." धाकटी दम घ्यायला थांबली. "मी इथे पडल्यापडल्या रोज काय म्हणते सांगू? अजून तसं काही नाही. तसं असतं तर ताई आली असती. तू आलीस म्हणजे मग खरंच झालं."

ताईचे खांदे माझ्या हातात होते. त्यांतला जोर हळूहळू गेला आणि तिनं तोंड पुन्हा उशांच्या फटीत टेकलं.

"काय करत होतात?" धाकटीनं विचारलं.

"ही वाचत होती. ती बहिणींची."

"कुठवर आलात?"

मी ताईला खूण करायला हात उचलला, पण तिला कुठून दिसणार?

"शालीपर्यंत," ताई म्हणाली.

"म्हणजे ती गेली."

मी फोनकडे वाकले.

"मी कॉलेजात वाचली होती," धाकटी म्हणाली. "आधी वाटलं, पुस्तक छापताना चूक झाली. मग लक्षात आलं. बापाची नक्कल शोधत मी शेवटपर्यंत गेले होते."

"आणि बोलली नाहीस?" मी विचारलं. तिघींत मीच एक बावळट निघाले होते.

"काय बोलायचं? ताईची चिमी जास्त चांगली होती." ती खोकली. खोकला संपायला वेळ लागला. "ताई, वाच ना थोडं. पुस्तकातलं नको. तुझं."

मी पुस्तक मिटलं. ताईनं घसा साफ केला. फरशीकडे तोंड करून, पुस्तक नाही, डोळा नाही, ती त्याच जुन्या वाचायच्या आवाजात सुरू झाली.

"त्या थंडीत चिमीनं दुकानातली सगळी घड्याळं मुद्दाम पुढेमागे करून ठेवली. बाप सकाळी आला तर एक घड्याळ म्हणतंय जेवायची वेळ झाली, दुसरं म्हणतंय अजून उजाडायचंय. बाप खेकसला. चिमी म्हणाली, 'बाबा, गिऱ्हाइकाला हवी ती वेळ निवडू द्या की.'"

फोनमधून हसणं आलं आणि त्याच्या पाठोपाठ खोकला. ताई खोकला थांबेपर्यंत थांबली, मग पुढे निघाली. कपाटं निघाली, शाल निघाली, मोडलेल्या लग्नातला तो मुलगासुद्धा घड्याळ दुरुस्तीला घेऊन आला. फरशीवर मधूनमधून थेंब पडत होते. मी पुसायचं सोडून दिलं.

"ताई," धाकटीनं मधेच विचारलं, "हिला काही होणार नाही ना?"

"काही होत नाही," ताई म्हणाली. "मधले, बटण लाव."

तिला कसं कळलं, कोण जाणे. मी पिशवीवरचा कोट ओढला, ताईच्या डब्यातली सुई घेतली. बटण केव्हाच पक्कं बसलं, तरी मी टाके घालत राहिले.