एका गालापुरती उटी

मी एक जुनी सहाण आहे. वाटोळी, करडी, मधोमध झिजलेली. इरावती नदीच्या काठी एका लाकडी घराच्या पडवीत, पाण्याच्या माठाशेजारी माझी जागा. तनाखा या सुवासिक झाडाचं खोड चंदनासारखं माझ्यावर उगाळायचं, ती पिवळसर उटी गालांना लावायची आणि मगच बाजार, शाळा, शेत. आमच्या गावात याशिवाय सकाळ होतच नाही.

मित्रांनो, एका पाथरवटाने मला घडवलं आणि या घरच्या लेकीच्या, युझानाच्या, पणजीने बैलगाडीतून घरी आणलं. "हिच्यावरची उटी कशी लोण्यासारखी उतरते!" असं शेजारणी म्हणायच्या. थोडा गर्व झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

मग युझाना जन्मली. डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जांभळा डाग घेऊनच. तिची आई, म्या स्वे, लोक काय म्हणतील या धास्तीने रोज चौघींना पुरेल एवढी उटी त्या एका गालावर थापायची. मला वाटायचं, आपण पोरीवर उपकारच करतोय. चूक होती ती माझी.

युझाना तेरा वर्षांची होती. पॅगोडाच्या जत्रेत, भर उन्हात तो जाड थर तडकला आणि पोपडे गळू लागले. "भिंत पडली रे, भिंत!" पोरं ओरडली. त्या दिवसापासून तिने शाळा सोडली, उंबरा ओलांडला नाही. माझ्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. आईने आपल्यापुरती नवी सहाण आणली आणि मला चहाच्या पाल्याच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत दाब म्हणून ठेवलं. दोन वर्षं मी त्या आंबूस वासात काढली.

यंदा तिचा धाकटा भाऊ ठूरा काही दिवस भिक्षू व्हायला मठात जायचा होता. मुलगा राजपुत्राच्या वेशात घोड्यावर बसतो आणि पुढे त्याची बहीण विड्याच्या पानांचा सोनेरी डबा धरून चालते, अशी आमची रीत.

"डबा आत्याच्या मुलीकडे देऊ," आई चाचरत म्हणाली. "तू घरी पाहुण्यांचं बघ."

"ठूराची बहीण मी आहे. डबा मीच धरणार."

"अगं, सगळं गाव बघणार!"

"बघू दे की. एकदाच पोटभर बघून घेऊ दे, म्हणजे रोजची कटकट नको."

"बरं बाई! मग जाड थर लाव तरी."

मिरवणुकीच्या सकाळी युझानाने मला बरणीतून काढलं, खसाखसा धुतलं. थेंबभर पाणी घातलं, खोड चार-पाच वेळा फिरवलं आणि थांबली. मी म्हटलं, झालं! धीर सुटला हिचा. एवढीशी उटी कशाला पुरणार? पण तिने उजव्या गालावर उटीचं एक पान नीट रेखलं आणि बोटं पुसून डबा उचलला.

"अगं, एक गाल राहिला!" आई धावत आली.

"राहिला नाही, आई. ठेवला."

ती ताठ मानेने पायऱ्या उतरली. बाहेर ढोल वाजू लागले. म्या स्वे माझ्याजवळ मटकन बसली आणि रडली. मग माझ्यावर उरलेली उटी तिने बोटाने निपटून घेतली, स्वतःच्या उजव्या गालावर ओढली, फक्त उजव्याच, आणि तशीच अनवाणी मिरवणुकीमागे पळाली.

"म्या स्वे, एक गाल राहिला गं तुझा!" शेजारीण हसत ओरडली.

"राहिला नाही, ठेवला!" आईचा आवाज मला पडवीपर्यंत ऐकू आला.

आता युझाना पुन्हा शाळेत जाते. कधी दोन्ही गालांची उटी उगाळते, कधी एकाच. मित्रांनो, माझं मागणं फार नाही. कालचा थर माझ्यावर वाळू देऊ नका, धुऊन ठेवत जा. उटी लावा, हौसेने लावा. पण किती उगाळायची, ते ज्याचा गाल त्यालाच ठरवू द्या.