मेलेल्या गाड्या उठवणारा किल्लीबाबा

जुन्या गोदामामागच्या मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध एक गाडी उभी. चावी फिरवली की नुसतं 'टक्', पुढे सगळं थंड. किल्लीबाबांनी बॉनेटवर तळवे टेकले, डोळे मिटले. चेले ढोल बडवू लागले. एक चेला गाडीच्या 'पायाशी' दोरा बांधायला खाली सरपटत गेला.

"ऊठ, लेकरा!" बाबा गरजले. आणि गाडी खरंच गुरगुरत उठली!

"यंत्राला म्हातारपण नसतं, बाळांनो, त्याला नजर लागते! मेकॅनिक पार्ट बदलतो, मी प्रारब्ध बदलतो!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. प्रारब्धाची गॅरंटी किती दिवसांची, हे कुणी विचारलं नाही.

त्या गाडीचा मालक टॅक्सीवाला होता. त्याची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. घरी आल्यावर ती म्हणाली, "दादा, मेकॅनिकनं सांगितलंय ना, स्टार्टर संपत आलाय म्हणून? बदलून टाक."

"तू तुझा फळा सांभाळ. बाबांनी हात ठेवलाय. आता ही गाडी मला पुरून उरेल."

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी आईच्या छातीत कळ आली. दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर घातलं. दादानं चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्.

"आई, बाबांचं नाव घे!" तो घामाघूम होऊन म्हणाला.

आईला श्वास घेता येईना, नाव कुठून घेणार? शेजाऱ्यांनी धक्का मारला, पण गल्लीचा चढ. गाडी तसूभर हलेना. बहीण रस्त्याकडे धावली. दुसरी गाडी घेऊन ती परतली, तेव्हा दादा चावीच फिरवत होता. आईचे डोळे उघडेच राहिले होते.

बाबांनी निरोप धाडला, "आईची श्रद्धा तोकडी पडली. गाडीला मरणाचा दोष लागलाय, घेऊन ये."

आणि दादा निघाला! बहिणीला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. पण तिनं शब्दानं वाद घातला नाही. मेकॅनिककडून स्टार्टरची जागा समजून घेतली, निघण्यापूर्वी गाडीखाली शिरली आणि त्या लोखंडी नळकांड्याला लाल ऑइलपेंट फासला.

टोचन लावून गाडी मैदानात आणली. ढोल वाजले, चेला खाली गेला, बाबा गरजले, गाडी उठली. जयजयकार चालू असतानाच बहिणीनं बाहेर येणाऱ्या चेल्याची बाही धरून हिसडली. आतून लोखंडी कांब खणकन पडली. टोक लालभडक.

"निघताना मी स्टार्टरला लाल रंग फासला होता. बाबांचे हात स्वच्छ, मग तो या कांबीवर कसा?"

"ती... ती शक्तीची खूण..." बाबा चाचरले.

"शक्ती नाही, हा कांबीचा ठोका आहे! स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर. तिच्या आत कार्बनचे तुकडे असतात, त्यांतून फिरत्या भागाला वीज जाते. ते झिजले की नीट टेकत नाहीत. बाहेरून ठोकलं की हलून टेकतात आणि गाडी चालू होते. चार दिवस, फार तर आठवडाभर. घरच्या गाडीचा स्टार्टर साधारण आठ-दहा वर्षं टिकतो. टॅक्सी दिवसभर बंद-चालू होते, तिचा आधीच जातो. नजर लागून नाही, झिजून." ती चेल्याकडे वळली, "तुमच्या बाबांची गाडी कोण उठवतं रे?"

"गॅरेजवाला," भेदरलेला चेला बोलून गेला.

हशा पिकला. मघाशी पायावर डोकं ठेवणाऱ्यांनीच बाबांचा झगा टरकावला. बाबा एका पायातली चप्पल तिथेच टाकून पळाले.

एकटा दादा हसला नाही. "स्टार्टर बदलला असता तर आई वाचली असती?"

खोटं बोलणं सोपं होतं. ती खरं तेच बोलली.

"ठाऊक नाही. पण डॉक्टरच्या दारात तरी पोचली असती."

तो गाडीला टेकून मटकन खाली बसला. तिनं त्याला उठवलं नाही. ती गर्दीकडे वळली.

"कुणाकुणाची गाडी टकटक करतेय?"

कचरत काही हात वर झाले.

"मग इथे तोंड बघत काय उभे राहिलात? गॅरेज गाठा. तुमच्याही घरी माणसं आहेत."