रविवारच्या खोलीचा हेवा

मी एक म्हातारी टांग्याची घोडी आहे. माझे नाव चंद्री. येवल्याच्या घोडेबाजारातून सूर्यभानने मला श्रीरामपूरला आणले, त्याआधीचे मला फारसे आठवत नाही. मित्रांनो, स्टेशन ते बाजारतळ मी त्याचा टांगा ओढला. माझी चाल पाहून उतारू दुसरे टांगे सोडून आमच्याकडे यायचे. त्या कौतुकाने मी फार मानी झाले होते.

सूर्यभान दारू प्यायचा. त्याची धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हा तो कॅनॉलकडच्या भिमाजीच्या गुत्त्यात होता. त्याची बायको चांगुणा त्याबद्दल त्याला कधी एक शब्द बोलली नाही. तिचे ते गप्प राहणेच त्याला सोसेना, आणि तो जास्तच पिऊ लागला. पण गुत्त्यातून बाहेर आला, की माझ्या मानेला मिठी मारून मुलीचे नाव घेऊन रडायचा.

"चंद्रे, तुझ्याबिगर मला कुनी न्हाई," म्हणायचा.

खरे सांगते, मला तो तसाच आवडायचा. तेव्हा तो सगळा माझा असायचा.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारच्या गाडीने शमुवेल मास्तर उतरले. मनमाडच्या शाळेत शिकवायचे. हातात एक चिठ्ठी होती. "चर्चच्या मागची शिवणवर्गाची खोली," त्यांनी वाचून दाखवले.

"कोन्तं चर्च?" सूर्यभानने विचारले.

ते चिठ्ठीत नव्हते. गावात चर्च काय एक आहे? आम्ही पहिल्या ठिकाणी गेलो, दुसऱ्या ठिकाणी गेलो. प्रत्येक दारात लोक विचारायचे, "कसली सभा?" आणि मास्तर खणखणीत आवाजात सांगायचे, "दारू सोडणाऱ्यांची. मी बी पीत होतो." ऐकून लोक हसायचे. सूर्यभान खाली मान घालून माझी आयाळ उगाच नीट करायचा.

तिसऱ्या चर्चमागे ती खोली सापडली. दाराला पाटी नव्हती. आत सतरंजीवर चार माणसे बसली होती. मास्तर उतरले आणि म्हणाले, "आत या की."

"मी टांगेवाला हाय, मास्तर."

"टांगेवाल्याला मनाई न्हाई. आन् मघापासून तुमच्या तोंडाचा वास मला येतोय."

सूर्यभान टांग्यावरून खाली उतरला. मग मला लिंबाखाली बांधून आत गेला.

त्यानंतर दर रविवारी तो तिथे जाऊ लागला. पिणे थांबले. मला वेळेवर वैरण मिळू लागली, खरारा होऊ लागला. मी सुखात होते आणि जळत होते. मानेला मिठी नाही, बोलणे नाही. एका रविवारी खिडकीतून त्याचा आवाज आला. माझ्या मानेशी रडत तो जे सांगायचा, तेच आता त्या परक्या माणसांना सांगत होता. मुलीचे नावसुद्धा घेतले. मी रागाने खुराने माती उकरली.

पुढच्याच रविवारी कामाने थकलेल्या सूर्यभानला टांग्यातच डुलकी लागली. लगाम सैल पडला. चर्चकडे वळायचे वळण आले आणि मी वळले नाही. मी सरळ कॅनॉलकडे चालत राहिले. मला वाट पाठ होती. मला माझा सूर्यभान परत हवा होता.

"लई दिसांनी!" भिमाजी दारातून ओरडला. "घोडीला आठवन हाय, तूच इसरला."

सूर्यभान दचकून जागा झाला. भिमाजीने पेला पुढे केला. सूर्यभानने तो घेतला आणि रिकामा केला. मी मान पुढे केली. आता मिठी पडेल म्हणून वाट पाहिली.

तो जवळ आला. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिले.

"चंद्रे, तू बी?" एवढेच म्हणाला.

मित्रांनो, चाबकाचा फटका मी सोसला असता.

भिमाजीने दुसरा पेला भरला. पण सूर्यभानने माझा लगाम धरला आणि पायीच निघाला. टांगा रिकामा होता, तरी मला तो कधी एवढा जड लागला नव्हता. खोलीशी पोचलो तेव्हा सभा संपत आली होती. मास्तर पायरीवर येऊन थांबले होते.

"प्यालो, मास्तर," सूर्यभान म्हणाला. "मला आत येता यायचं न्हाई."

"आजच तर यायला पायजे. ही खोली त्याच्यासाठीच हाय."

तो आत गेला. मी खिडकीकडे कान टवकारले. आता हा माझे नाव सांगणार, सगळे मला हसणार, असे वाटले.

"घोडी चुकली म्हनायला तोंड न्हाई मला," तो म्हणत होता. "जनावराला काय कळतंय? पेला माझ्या हातानं उचलला."

पण मला कळत होते. ते सांगायला मला तोंड नव्हते.

त्या दिवसानंतर सूर्यभान प्यालेला नाही. हल्ली चांगुणाही अधूनमधून टांग्यात बसते, आणि दोघे हळू आवाजात मुलीबद्दल बोलतात. ते ऐकताना माझ्या पोटात अजून दुखते. हेवा गेलेला नाही. मी चालत राहते.

मित्रांनो, तुमच्याही घरातले कोणी मन मोकळे करायला दुसऱ्या दारी जाईल. ते दार शोधायला त्याला फार हिंडावे लागले असेल. तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या, पण त्याला मागे ओढू नका. त्या दारापर्यंत त्याला नेऊन सोडा आणि बाहेर उभे राहा.