बिनधुराचं धुराडं

शहाण्णव साल. मुरबाडच्या बाजूला आमच्या कंपनीनं एक छोटा बॉयलर उभा केला होता. मोठा बांधायच्या आधी करून बघायचा, तसला. कोळसा तापल्या वाळूत टाकायचा, खालून वारा मारायचा, म्हणजे धूर होत नाय, असं साहेब सांगायचे. मी तिथं आगवाला. "लडकू, दहा दिवस अखंड चालला तर तू कायम," साहेब बोलले. दहा दिवस गेटाबाहेर पाय टाकायचा नाय.

मी हो बोललो ते माझ्या बायकोसाठी, बाईजासाठी. भात झोडून झालं की डोळखांबकडचा आमचा अख्खा पाडा भिवंडीकडं वीटभट्टीवर जातो. मागल्या साली आमी गेलो न तिथंच आमचं पोर तापानं गेलं. बाईजाला परत भट्टी दाखवायची नाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

साहेब लोक आपसात इंग्लिश बोलायचे, आकडे लिहायचे. माझ्याशी कोण बोलणार? मी काचेतून जाळ बघायचो न त्याच्याशीच भांडायचो. बाईजाची लय आठवण यायची.

तिसऱ्या दिवशी धूर पातळ झाला. चौथ्या दिवशी गायबच! साहेब वर बघून नाचले. मी पण नाचलो, येडा कुठला.

अकराव्या दिवशी नेमणुकीचा कागद खिशात घालून घरी आलो. दाराच्या कडीला सुतळी बांधलेली. शेजारची जनाकाकी बाहेर आली.

"अरे, बाईजा गेली ना मुकादमासंगं भट्टीवर!"

"मी नको बोललो होतो तिला!"

"मग काय करंल बिचारी? रोज टेकाडावर चढून तुझ्या कंपनीचं धुराडं बघायची. धूर बंद. बोलली, त्यांचं काम सुटलं, लाजंनं घरी येत नायत."

"अगो काकी, धूर नाय म्हंजे काम झ्याक झालं!"

"आग पेटली न धूर नाय? कोणाला शिकवतोस रे?"

माझं टाळकंच फिरलं. पण काकीवर चिडून काय उपयोग? तिच्या जागी मी असतो तर मला पण हेच वाटलं असतं.

"कुठल्या भट्टीवर गेली?"

"मागल्याच. मुकादम दुसरी देत होता, पण हिनं हट्टानं तीच मागितली. बोलली, हितं एकटीला घर खायाला उठतं, तिथं पोराची माती तरी हाय."

मी उंबऱ्यावर बसलो न हमसून हमसून रडलो. सकाळी पाळीवर हजर व्हायचं होतं. मी भिवंडीची गाडी धरली.