कच्चे टाके

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानाची वेबसाइट सगळ्यांसमोर सुरू करायची, हा हट्ट तिचाच. नोकरीला रामराम ठोकून स्वतःच्या हिमतीवर वेबसाइट बनवणाऱ्या भाच्याला चार कामं मिळावीत, म्हणून तिने शेजारच्या बेकरीवाल्याला आणि घड्याळवाल्याला मुद्दाम बोलावलं होतं. आवडली तर दोघंही त्यालाच काम देणार होते. भाचा इस्त्रीच्या टेबलाला टेकून असा उभा, जणू दुकान त्यानेच काढलंय.

"चष्मा सापडत नाहीये, तुम्हीच वाचा," म्हणत मावशीने बेकरीवाल्याच्या हातात फोन दिला. फोटो पाहून त्याने मान डोलावली, मग 'आमच्याविषयी'वर बोट दाबलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "इथे म्हातारीचं पुराण येईल. कोण वाचणार आहे? चार ओळी ठोकून देऊ."

घड्याळवाला छताकडे पाहू लागला. भाच्याची कानशिलं तापली. रिकामी जागा भरायला आधी काहीबाही लिहायचं आणि मागाहून खरा मजकूर टाकायचा, ही त्याची कामाची पद्धत. मावशीलाही त्याने ऐटीत समजावलं होतं, "तुझे कच्चे टाके असतात ना, तसंच." मागाहून मात्र तो साफ विसरला.

"कच्चे टाके उसवायचे राहिले हो त्याचे," मावशी हसून म्हणाली. "मीच घाई केली." तिने घाईबिई काही केली नव्हती. पाहुणेही हसले, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्ता बदलतो," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला, ते वाक्य पुसलं आणि त्याची बोटं थबकली. मावशीने दुकानाची सगळी कहाणी त्याला याच टेबलापाशी सांगितली होती, हातातलं काम बाजूला ठेवून, मध्येच डोळे पुसत. तेव्हा हे महाशय 'हं, हं' करत फोनवर मॅच बघत होते. आता डोक्याला कितीही ताण दिला तरी एक शब्द आठवेना. पुन्हा विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

मावशी मागे येऊन उभी राहिली. तिने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काय ते तिला कळलं.

"लिही," ती हळूच म्हणाली, "इथे कपडे शिवून मिळतात."

त्याने लिहिलं. "आणि बाकीचं, मावशी?"

"बाकीचं तुला सांगितलं होतं रे," ती म्हणाली, आणि पाहुण्यांना चहा द्यायला वळली.