उत्तराची लांबी

दिगंबर उपासनी गेल्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी त्यांचं घर सुरू झालं नाही.

शर्वरीला जाग आली तेव्हा पलंग होता, पलंगापुढे फरशीच्या सात ओळी होत्या आणि मधोमध बाबांचं कामाचं टेबल होतं. भिंती, छत, ओटा, बाल्कनी यांतलं काहीच अजून वर आलं नव्हतं. जिथे ते असायचं तिथे करडा, स्वच्छ उजेड होता. टेबलावर पाटाएवढी काळी चिप बसली होती. तिला आठ रुपेरी पाय होते आणि एका कोपऱ्यात छोटा हिरवा दिवा होता, विझलेला. समोर बाबांची वेताची खुर्ची रिकामी होती.

तिने उशीखालून फोन काढला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने कुमुद थोरातांना फोन लावला.

"कुमुदताई, घर सुरू होत नाहीये."

"कुठवर आलंय?"

"चिपपर्यंत."

"हात लावू नकोस. आलेच मी."

कुमुदताई बाबांच्या कारखान्यातल्या. अंबडला सलाइनचे पंप तयार होत आणि त्या पंपांना जागं करणारा कोड बाबा लिहीत. बटण दाबल्यावर सगळ्यांच्या आधी जो इवलासा कोड चालतो त्याला बूटलोडर म्हणतात. त्यातला सुरक्षेच्या चिपशी बोलणारा भाग, ड्रायव्हर, हा बाबांच्या वाट्याचा. "पंपाचं पुढे काय होतं ते मला विचारू नका," ते पाहुण्यांना सांगत, "मी फक्त उठवतो." कुमुदताई तो कोड तपासत. सतरा वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती.

त्या जिन्याने आल्या. जिना सोसायटीचा, त्यामुळे तो वेळेवर सुरू झाला होता. दार नव्हतं, पण दाराच्या जागेशी त्यांनी चपला काढल्या आणि थर्मास मांडीवर घेऊन त्या वरच्या पायरीवर बसल्या.

"आत या ना."

"नको गं. त्या दिवशी मी नव्हते. माझं पाऊल पडलं तर सगळं बिघडेल."

"कुठल्या दिवशी?"

"साहेबांनी हिच्यात काहीतरी ठेवलं त्या दिवशी." त्यांनी हनुवटीने चिपकडे दाखवलं. "ही नुसती बघत असते. सकाळी आधी काय झालं, मग काय झालं. प्रत्येक गोष्टीचा ठसा घेते आणि आधीच्या ठशात कालवते. कणीक मळल्यासारखं. एकदा मळलं की पाणी वेगळं काढता येत नाही. शेवटचा गोळा त्या दिवशीसारखाच निघाला तर आतलं देते."

"आणि नाही निघाला तर?"

"एक ओळ जाते. ओळी संपल्या की ती कायमची मिटते."

कुठला दिवस आणि आत काय, हे शर्वरीला आता विचारावं लागलं नाही. चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी बाबा रस्त्यात कोसळले, आणि त्यांची वाचा गेली ती परत आली नाही. त्या सकाळी ती कामाला निघताना ते तिच्याशी शेवटचं काहीतरी बोलले होते. काय, ते तिला आठवत नव्हतं. खरं म्हणजे तिने ऐकलंच नव्हतं. तेरा दिवस ती तेच शोधत होती. वह्या पाहिल्या, फोन पाहिला, इस्पितळाने परत दिलेली पिशवी तीनदा उलटी केली. पिशवीत चष्मा, घड्याळ, बसचा पास आणि कोणी कशासाठी घेतले कळत नव्हतं असे दोन न फोडलेले टूथब्रश होते.

"खुर्ची माग," कुमुदताई म्हणाल्या.

"कशी?"

"साहेबांसारखी. नम्रपणे."

"बसू का?" शर्वरीने चिपला विचारलं. दिवा लागला नाही.

"आता थांब. तुझ्या बाबांच्या ड्रायव्हरचं निम्मं काम म्हणजे थांबणं. मला थांबायला त्यांनी शिकवलं बाई. माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं प्रयत्न केला, त्यांना नाही जमलं."

दिवा लागला आणि विझला. शर्वरी बसली.

"खुर्चीवर एका वेळी एकच. उत्तर पूर्ण घेतल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर ती अर्ध्यात अडकते. आणि घेऊन झालं की रेंगाळायचं नाही."

"पूर्ण झालं हे कळणार कसं?"

"मजकूर उरलाय तोवर दिवा जळतो."

शर्वरीने डोळे मिटून मंगळवार आठवला. मग हात पुढे करून तिने हवेत नळ सोडला. चिपने एक पाय किंचित उचलला, ठसा घेतला, पाय टेकवला. त्यानंतर तिच्या बोटांखाली नळ आला, नळाखाली मोरी आली. तिने हवेत गॅसचं बटण फिरवलं. पाय उचलला, टेकला, आणि हाताच्या अंतरावर ओटा आला, त्यावर दुधाचं पातेलं. हे काम खरं बाबांचं, पण हात कोणाचा हे चिप विचारत नव्हती. मग रेडिओ लावला, खिडकी उघडली. मग बाबांनी सर्किट बोर्डाला डाग द्यायची सळई तापत ठेवली होती, तीही ठेवली. राळेचा वास आला. भिंती कमरेपर्यंत वर आल्या होत्या. तिने पर्स खांद्याला लावली आणि वाट पाहिली.

दिवा लागला नाही. भिंती खाली गेल्या. ओटा, रेडिओ, खिडकी गेली, आणि फरशीची एक ओळही. कुमुदताईंचा जिना तेवढाच पुढे सरकला.

"क्रम चुकला असेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तिने खिडकी रेडिओच्या आधी उघडली. तिसऱ्यांदा दूध उतू जाऊ दिलं, कारण ते जाई. पलंग गेला. चौथ्यांदा तिला आठवलं की बातम्या लागल्यावर बाबांनी आवाज कमी केला होता, तिची झोप मोडू नये म्हणून, ती जागी असूनही. भिंती छातीपर्यंत आल्या आणि परत गेल्या. फोनवर अजून सात वाजून दहा मिनिटंच होती.

पाचव्या वेळेनंतर कुमुदताई इतक्या जवळ आल्या होत्या की त्यांच्या साडीच्या काठावरचं कोयरीचं काम तिला दिसत होतं.

"काही गाळतेयस का गं?"

"नाही."

"मी गाळायची. बारा टेस्ट घ्यायच्या, एक फसायची, मी अहवालात अकराच लिहायची. साहेब ओरडायचे नाहीत. घसा खाकरायचे. ते घसा खाकरले की आम्ही चहा मागवायचो, म्हणजे आता लांबलचक सांगणार. एवढं सगळं सांगून शेवटी म्हणायचे, कुमुद, चिपला चांगलं-वाईट कळत नाही. तिला घडलेलं कळतं."

शर्वरीने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"मी त्यांना बोलले होते," ती म्हणाली.

"मग सांग तिला."

सहाव्या वेळी, सळई तापल्यावर, तिने चिपला सांगितलं, "मी बाबांना बोलले." पाय उचलला गेला नाही. भिंती गेल्या. आता फक्त खुर्चीखालची ओळ उरली. कुमुदताईंचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला.

"नाव देऊन भागत नाही बाळा. ठसा वस्तूचा घेतात."

शर्वरीने पुन्हा खुर्ची मागितली. बसलेली असूनही मागितली, आणि थांबली. दिवा लागला, विझला. नळ. दूध, उतू. रेडिओ, मग आवाज कमी. खिडकी. सळई. मग तिने हात पुढे केला आणि बेसिनवरच्या पेल्यातून आपला निळा ब्रश उचलला. त्या मंगळवारच्या दोनच दिवस आधी काढलेला नवा ब्रश. त्याचे केस वाकडे झाले होते आणि त्याला राळ आणि स्पिरिटचा वास येत होता. बाबांनी त्याने बोर्ड घासला होता.

कुमुदताईंनी मान दुसरीकडे वळवली.

"बाबा!" शर्वरी ओरडली. "हजारदा सांगितलंय तुम्हाला, माझा ब्रश त्या घाणीला लावू नका! एकदा तरी माणसासारखं वागा!"

तिचा आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला. चिपने पाय उचलला. नेहमीपेक्षा जास्त वेळ तो वरच राहिला, मग टेकला. शर्वरीने पर्स खांद्याला लावली.

हिरवा दिवा लागला.

"अगं, नवा होता होय?" बाबा म्हणाले. आवाज चिपच्या आतून येत होता, एकेक अक्षर सुटं, जसं ते तिला लहानपणी शुद्धलेखन सांगत तसं. "मला वाटलं जुना. चुकलंच. आज येताना दोन आणतो, एक तुला, एक बोर्डाला, म्हणजे भांडणच नको. तू नीघ. बस चुकेल."

शर्वरीला पिशवीतले दोन ब्रश आठवले. त्यांच्या पाकिटावर दुकानाची चिठ्ठी होती, ती तिने वाचली नव्हती. तिचे खांदे हळूहळू खाली आले. तिने चिपच्या गार पाठीवर तळहात ठेवला.

"तुमचे आभार बाबा," ती म्हणाली. असं ती त्यांना कधी म्हणाली नव्हती. घरातल्या माणसांना असं म्हणत नाहीत.

भिंती गळ्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या. छत अजून आलं नव्हतं. पायांखाली एकच ओळ होती.

"मिळालं?" कुमुदताईंनी विचारलं.

"मिळालं."

"मग ऊठ. घर येऊ दे पूर्ण."

शर्वरीने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मग तिचं लक्ष चिपच्या कोपऱ्याकडे गेलं आणि ती तशीच राहिली, अर्धी उठलेली. दिवा जळत होता. त्या मंगळवारी या वेळेपर्यंत ती जिना उतरून गेलेली होती.

ती परत बसली. तिने एक बोट वर केलं, थांबायला सांगताना बाबा करत तसं.

आत बाबांनी घसा खाकरला. कुमुदताईंनी थर्मासचं झाकण फिरवलं.